ख्रिसमस कार्डाचा जन्म वेळ वाचवण्यासाठी झाला होता, मग आता ते वेळ काढून हाताने का बनवायचं?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की माणच्या फेज थ्रीमधल्या कंपन्यांच्या रिसेप्शनवर प्लास्टिकचं झाड उभं राहतं, काचांना कापसाचा बर्फ चिकटतो आणि सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघतात. २५ तारखेला सकाळी टीमच्या ग्रुपवर घंटा हलवणाऱ्या सँटाचं एकच जीआयएफ चार जण टाकतात. बाकीचे त्याला अंगठा दाखवतात आणि नाताळ उरकतो.

याच टीममध्ये कुणी एखाद्या दिवशी कीबोर्डवर एक कार्ड ठेवून जातं. साधंच, हाताने केलेलं, आत आपलं नाव आणि दोन ओळी. ते कार्ड पुढची दोन-तीन वर्षं मॉनिटरच्या कडेला टेकून राहतं. डेस्क बदललं की तेही सोबत जातं. जीआयएफ मात्र दुपारपर्यंत वर सरकून दिसेनासं झालेलं असतं.

असं का होतं, हे समजायला ख्रिसमस कार्डाचा इतिहास बघावा लागतो. तो बऱ्यापैकी गमतीशीर आहे, कारण हे कार्ड मुळात जन्माला आलं तेच हाताने लिहायचा त्रास वाचावा म्हणून!

एका बिझी साहेबाची आयडिया

साल १८४३. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. पुढे ज्या संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे नाव मिळालं, त्याचे ते पहिले संचालक. त्याआधी ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय १८४० मध्ये सुरू झाली, तेव्हा त्या कामातही कोल होते. पण टपाल स्वस्त झाल्याचा परिणाम असा झाला की लोक भराभर पत्रं लिहायला लागले आणि नाताळात कोल यांच्या टेबलावर शुभेच्छापत्रांचा ढीग साठला. उत्तर न देणं म्हणजे असभ्यपणा आणि प्रत्येकाला हाताने उत्तर द्यायला वेळ नाही.

कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं. मधोमध एकत्र जेवणारं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि कपडे देणारी माणसं. वरती ‘प्रति’ आणि खाली ‘कडून’ अशा मोकळ्या जागा. साधारण हजार प्रती छापल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. त्या काळी ही किंमत चांगलीच चढी होती. चित्रात एक लहान मूल वाइन पिताना दिसतं म्हणून काही मंडळी रागावली, तो भाग वेगळा.

म्हणजे जगातलं पहिलं व्यापारी ख्रिसमस कार्ड हे एका अर्थाने त्या काळचं फॉरवर्ड होतं. मजकूर सगळ्यांना तोच, फक्त नाव बदलायचं. पण त्यातही एक गोष्ट हाताने झाली होती. छपाई एकाच रंगात होती आणि प्रत्येक कार्डात रंग हाताने भरले होते.

पुढची उडी थेट १९९२ मध्ये. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पापवर्थ या २२ वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरवरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर जगातला पहिला एसएमएस पाठवला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. जार्विस तेव्हा कंपनीच्या ख्रिसमस पार्टीत होते आणि त्यांच्या फोनवरून उत्तर पाठवायची सोयच नव्हती.

गाव माण, तालुका मुळशी आणि पत्ता राजीव गांधी इन्फोटेक पार्क, असं असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी तर हा किस्सा लक्षात ठेवायला हवा. कार्डाला पहिला धक्का एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने दिला आणि तोही नाताळच्याच शुभेच्छा देऊन.

दोन्ही वेळा अडचण एकच होती. ओळखीची माणसं वाढली आणि वेळ कमी पडला. दोन्ही वेळा उपाय बरोबर होता, पण त्यात एक गोष्ट निसटली. शुभेच्छा मिळवणाऱ्याला शब्द नवे लागत नाहीत. ‘हिने किंवा याने माझ्यासाठी थोडा वेळ काढला’ एवढं कळावं लागतं. मेसेज जितका सोपा झाला, तितकं ते कळणं अवघड झालं.

नाताळ इथला नाही का?

‘हे सगळं परदेशी फॅड आहे’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे खरं. पण तो मराठीत इतका मुरला आहे की त्याचं मूळ सांगावं लागतं. पुण्यात नाना पेठेतल्या सिटी चर्चची सुरुवात १७९२ मधली, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळातली. अहमदनगरहून निघणारं ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं, म्हणजे हेन्री कोलच्या कार्डाच्या एक वर्ष आधी!

हाताने शुभेच्छा पाठवण्याची सवयही मराठी घरांना नवी नाही. संक्रांतीला भेटकार्डात तिळगुळाची इवलीशी पुडी घालून पाकीट पोस्टात टाकणारी पिढी अजून घरोघरी आहे. पाकीट फोडताना हलवा सतरंजीवर सांडायचा आणि मुंग्या लागायच्या, पण गेल्या वर्षी कुणाचा तिळगूळ आला नाही हेही त्या घरांत लक्षात असायचं.

काचेवरचं चित्र

हाताने केलेल्या कार्डाची सगळ्यात मोठी गोष्ट १९४९ ची आहे. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या रुडॉल्फो गावाला युनिसेफची मदत मिळाली. तिथल्या यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढलं. खांबाभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुलींचं. कागद मिळत नव्हता म्हणून ते काढलं काचेवर. त्याच चित्राचं युनिसेफने कार्ड केलं आणि ते युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र ठरलं. पुढची कित्येक दशकं या कार्डांच्या विक्रीतून मुलांसाठी पैसा उभा राहिला.

भारतातही ‘क्राय’ ही संस्था १९७९ मध्ये मुंबईत रिपन कपूर या विमान कर्मचाऱ्याने मित्रांसोबत सुरू केली आणि तिचं नाव घरोघरी पोहोचलं ते मोठ्या प्रमाणात भेटकार्डांमुळे. पुण्यातच खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेले माजी सैनिक राहतात. त्यांच्यातल्या काहींनी तोंडात ब्रश धरून चित्रं काढायला शिकून घेतलं आहे. ज्यांना स्वतः कार्ड करणं खरंच जमणार नाही, त्यांनी अशा हातांनी केलेली कार्डं घ्यावीत. मॉलमधल्या संगीत वाजणाऱ्या कार्डापेक्षा ती कधीही बरी.

किती आणि कुणासाठी

इथे बहुतेक जण चुकतात. उत्साहात अख्ख्या टीमची, म्हणजे चाळीस जणांची यादी करतात. पाचव्या कार्डाला हात दुखतो, आठव्याला कंटाळा येतो आणि उरलेल्या बत्तीस जणांना शेवटी जीआयएफच जातं. चाळीस कार्डं करायला बसलं की हेन्री कोलचीच अडचण पुन्हा उभी राहते.

आठ पुरेत. आठ नावं लिहायला बसलं की वर्ष आपोआप डोळ्यांसमोरून जातं. रिलीजच्या रात्री स्वतःची कॅब सोडून थांबलेला सहकारी. नवीन असताना कुणी बोलत नव्हतं तेव्हा जेवायला सोबत नेणारी टीम लीड. ज्यांच्या घरी नाताळ हा खरोखरचा सण आहे, ते केरळचे, गोव्याचे, वसईचे, मिझोरामचे सहकारी. आणि पँट्रीतल्या मावशी, गेटवरचे काका, रात्रीच्या कॅबचे दादा. सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्यांत या तिघांची नावं सहसा नसतात.

डिसेंबरअखेर ज्याचा शेवटचा दिवस आहे, मग तो स्वतः सोडून चालला असो की त्याला जायला सांगितलं असो, त्याचं नाव यादीत वर घ्यावं. अशा माणसाशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून लोक टाळतात. कार्डावर दोन ओळी लिहिणं त्यामानाने सोपं असतं.

सामान: आधी घर, मग गाव, मग बोहरी आळी

कार्डाच्या सामानासाठी पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक ही दोन नावं पुरतात. पण माणहून तिथे जायचं म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकसकट अर्धा दिवस धरावा लागतो. आठ कार्डांसाठी त्याची गरज नाही. जवळच्या स्टेशनरीत २०० ते २५० जीएसएमचं ए-४ कार्डशीट मिळतं. एका शीटचे आडवे दोन भाग केले की दोन कार्डं होतात. आठ कार्डांना चार शीट, चुकली तर म्हणून आणखी एक. झालं.

कागदावर थोडी हौस करायची असेल तर हातकागद वापरावा. पुण्याचं आणि हातकागदाचं नातं जुनं आहे. कसब्यात कागदीपुरा आहे आणि जुन्नरचा कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरला जायचा. शिवाजीनगरची हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये उभी केली. भारतीय संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीचा कागद पुण्यातल्या हातकागद केंद्राचाच. हा कागद कापसाच्या चिंध्यांपासून होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. मात्र काही हातकागदांवर जेलपेनची शाई पसरते, म्हणून आधी कोपऱ्यावर एक रेघ मारून बघावी. कडा कात्रीने कापण्याऐवजी पट्टी ठेवून ओल्या ब्रशने रेघ ओढावी आणि हलकेच फाडावं. दातेरी, मऊ कड सुटते.

घडीचंही एक तंत्र आहे. जाड कागद नुसता दुमडला की घडीवर चिरतो. संपलेली रिफील घ्यायची, पट्टी लावून घडीच्या जागी एकदा दाबून रेघ ओढायची, मग दुमडायचं. त्याआधी कागद आडवा-उभा हलका वाकवून बघावा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या बाजूची घडी स्वच्छ बसते. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ हे सोडून थेट चमकीवर येतात.

चमकीबद्दल एकच सूचना आहे. ऑफिसात देण्याच्या कार्डावर ती लावू नये. ती कीबोर्डात जाते, डब्यात जाते आणि फेब्रुवारीपर्यंत भुवईवर सापडते. मुळात ती प्लास्टिकच असते.

भेंडीचा तारा आणि भाताची काडी

नाताळच्या कार्डावर बर्फ, रेनडिअर आणि देवदार वृक्ष असलेच पाहिजेत असं कुणी ठरवलेलं नाही. लंडनच्या त्या पहिल्या कार्डावरही बर्फ नव्हता. येशूजन्माच्या गोष्टीत असतात ते तारा, गोठा, गव्हाणी आणि तिच्यातलं गवत. यातलं काहीच मुळशी तालुक्याला अनोळखी नाही.

ताऱ्यासाठी शाळेतली विद्या कामाला येते. भेंडी आडवी कापली की पाच टोकांचा आकार तयार मिळतो. जून भेंडी घ्यावी, कोवळी दाबल्यावर चपटी होते. कापलेला भाग पाच मिनिटं कागदावर पालथा ठेवून चिकटा टिपून घ्यावा. पोस्टर कलर पातळ न करता बशीत घ्यावा, त्यात ओला स्पंज दाबावा आणि त्या स्पंजवर भेंडी टेकवून ठसा घ्यावा. थेट रंगात बुडवली तर ताऱ्याचा नुसता डाग होतो. गडद निळ्या कागदावर पांढरे किंवा पिवळे ठसे खुलून दिसतात. एक मोठा तारा आणि खाली काळ्या पेनाने गोठ्याच्या चार रेघा, एवढ्यावर मुखपृष्ठ पूर्ण होतं. आठ कार्डांचे ठसे एका संध्याकाळी होतात आणि उरलेल्या भेंडीची भाजीही.

दुसरी रीत जरा वेळखाऊ आहे, पण कार्ड हातात घेणारा हमखास विचारतो, ‘हे कशाचं आहे?’ मुळशी भातासाठी ओळखला जातो आणि डिसेंबरपर्यंत कापणी-झोडणी उरकून पेंढा रचलेला असतो. मूठभर काड्या मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही. पेर टाळून मधले सरळ तुकडे कापावेत, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावेत, ब्लेडने उभे चिरून उघडावेत आणि वर सुती कापड टाकून मध्यम इस्त्री फिरवावी. काडी सपाट होते आणि तिला रेशमासारखी झाक येते. गव्हाची काडी मिळाली तर अधिक चांगलं, ती रुंद असते. अशा चार पट्ट्या एकमेकींवर तिरप्या ठेवून मधोमध चिकटवल्या की आठ टोकांचा तारा होतो. फेविकॉल काडीने, अगदी पातळ लावावा. जास्त झाला तर कागद फुगतो. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवलं की काम झालं.

गवताच्या काड्यांचे तारे युरोपातल्या काही भागांत नाताळला पूर्वापार करतात, त्यामुळे ही काही ओढूनताणून केलेली जोडणी नाही. आणि ज्या गावच्या शिवारात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्याच भागातली काडी त्या इमारतीतल्या डेस्कवर जाते, यातही एक मजा आहे.

चित्र काढता येत असेल तर वारलीची माणसं हौसेने काढावीत. येत नसेल तर काढू नयेत, ठसा पुरे.

आत काय लिहायचं

कार्ड खरं म्हणजे इथेच होतं किंवा बिघडतं. बाहेर कितीही मेहनत घेतली आणि आत ‘विश यू अ मेरी ख्रिसमस अँड अ हॅपी न्यू इयर’ एवढंच असलं, तर ते पुन्हा छापील कार्डच झालं.

तीन गोष्टी लिहाव्यात. नाव, ऑफिसात ज्या नावाने हाक मारतात तेच. यंदा घडलेली एक नेमकी गोष्ट. आणि एक इच्छा. ‘मार्चच्या रिलीजला रात्री तू थांबलास, म्हणून मला आईच्या ऑपरेशनला वेळेत पोहोचता आलं’ ही ओळ कुठल्याही छापील कार्डावर सापडणार नाही. मावशींना लिहिताना ‘तुम्ही न विचारता बिनसाखरेचा चहा बाजूला काढून ठेवता’ एवढं पुरे. मराठी वाचता येत नसलेल्याला त्याला येते त्या भाषेत लिहावं. मल्याळी मित्रासाठी ‘क्रिसमस आशंसकळ’, मिझो मैत्रिणीसाठी ‘क्रिसमस चिबाई’. लिपी जमत नसेल तर देवनागरीत लिहिलं तरी समोरचा खूश होतो. उच्चार मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावा.

आधी कच्च्या कागदावर लिहावं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगितलेलं बरं. सगळ्यात जास्त कार्डं फुकट जातात ती चित्रामुळे नाही, नावाच्या खाडाखोडीमुळे.

एक अवघड प्रसंग आहे. यंदा ज्याच्या घरी कुणी गेलं आहे, त्याला नाताळचं कार्ड द्यावं का? ‘हॅपी’, ‘मेरी’ असं काही छापलेलं असेल तर नको. पण हाताने केलेल्या कार्डाला ती सक्ती नसते. कोऱ्या कागदावर एक लहान तारा, आत गेलेल्या माणसाचं नाव आणि ‘या नाताळात त्यांची आठवण येत असेल, आम्हालाही येते’ एवढं. पहिला नाताळ अशा घरांना जड जातो आणि त्याच दिवशी बाकीचे लोक काय लिहावं कळत नाही म्हणून गप्प बसलेले असतात.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नाताळचं कार्ड चालेल का, असाही प्रश्न येतो. ऑफिसच्या झाडाखाली सगळेच फोटो काढतात, तेव्हा चालायला हरकत नसावी. शंका असेल तिथे नव्या वर्षाच्या शुभेच्छा लिहाव्यात.

पाकीट, वजन, तारीख

या कार्डाचा आकार दुमडल्यावर साधारण १५ बाय १०.५ सेंमी होतो. २० सेंमीचा चौकोनी कागद टोक वर करून ठेवायचा, मधोमध कार्ड आडवं ठेवायचं, आधी डावं-उजवं टोक आत घ्यायचं, मग खालचं, शेवटी वरचं. कार्ड काढून घेऊन कडांना खळ किंवा फेविकॉल लावला की पाकीट तयार. डिसेंबरात कालनिर्णयची अकरा पानं कामातून गेलेलीच असतात. त्यांचीही पाकिटं छान होतात, फक्त पत्त्यासाठी वर पांढरा कागद डकवावा.

सहकारी घरून काम करत असेल किंवा गावी गेला असेल तर कार्ड पोस्टाने पाठवावं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. अर्ध्या शीटचं २५० जीएसएम कार्ड ८ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि पाकीट ३-४ ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांत बसतं. अख्खं ए-४ दुमडून केलं तर कार्डच साडेपंधरा ग्रॅमच्या वर जातं आणि पाकिटासकट वीसची हद्द ओलांडतं. मग १० चं तिकीट लावावं, नाहीतर भुर्दंड शुभेच्छा घेणाऱ्याला पडतो! काडीचा तारा असेल तर पाकिटात पातळ पुठ्ठा घालावा, शिक्का मारताना काडी निघत नाही.

राज्याबाहेर जाणारी पाकिटं १५ डिसेंबरच्या आत पेटीत पडलेली बरी. ऑफिसात हाती द्यायची असतील तर २४ ची वाट बघू नये. केरळ, गोवा, ईशान्य भारतातले सहकारी १९-२० पासूनच सुट्टीवर निघतात आणि रिकाम्या डेस्कवर ठेवलेलं कार्ड हाउसकीपिंगच्या हाती लागतं. सकाळी लवकर, तो माणूस यायच्या आधी, कीबोर्डवर ठेवावं. सगळ्यांसमोर द्यायला गेलं की ज्यांना मिळालं नाही ते मोजायला लागतात.

आणि इन्स्टाग्रामवर टाकायचाच असेल तर फोटो मुखपृष्ठाचा टाकावा. आतलं पान ज्याच्यासाठी लिहिलं, त्याचं आहे.